तंत्रज्ञान स्टार्टअपसाठी सरकारी पैसा नेमका कुठे लागावा?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २६ वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आहे. आमचे महाविद्यालय, स्थानिक उद्योजकांची संघटना आणि राज्य शासन यांच्या एकत्रित सहभागातून एक इन्क्युबेशन केंद्र (नव्या कंपन्यांना जागा, यंत्रे आणि मार्गदर्शन देणारे केंद्र) उभारावे असा प्रस्ताव पुढे आला असून त्याचे पहिले टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टिपण दहा पानांचे हवे आहे. त्यातली पहिली चार पाने इमारतीच्या आराखड्यानेच भरली, हे लक्षात आल्यावर मी लिहायचा थांबलो आणि आपणा सर्वांना विचारायचे ठरवले.

देशपातळीवरचे चित्र मला साधारण माहीत आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी स्टार्टअप इंडिया मोहीम सुरू झाली. तिच्याबरोबर १०,००० कोटी रुपयांचा 'फंड ऑफ फंड्स' आला. तो सिडबी ही लघुउद्योगांसाठीची विकास बँक सांभाळते आणि त्यातला पैसा थेट कंपन्यांना न देता सेबीकडे नोंदलेल्या खासगी गुंतवणूक निधींना दिला जातो. २०२१ मध्ये ९४५ कोटींची सीड फंड योजना आली. ती इन्क्युबेटरमार्फत चालते. नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या) रोख्यांच्या रूपाने भांडवल मिळू शकते. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने निवडलेल्या केंद्रांसाठी पाच वर्षांत १० कोटींपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली. मान्यता मिळालेल्या स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली असून महाराष्ट्र त्यात आघाडीवर आहे.

हे सर्व कागदावर नीट दिसते. परंतु टिपण लिहिण्यापूर्वी मी अशी तीन केंद्रे स्वतः पाहून आलो. तिन्ही ठिकाणी काचेच्या खोल्या होत्या आणि नवे फर्निचर होते; एका ठिकाणी थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीतली शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती. याच काळात माझा एक जुना विद्यार्थी मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा मिक्सर चालू असतानाच मोजणारे उपकरण तयार करत होता. ओलावा कमीजास्त झाला की कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे पडणारी छिद्रे) येतात आणि रिजेक्शन वाढते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले वसाहतीतल्या कोणत्याही फाउंड्रीवाल्याला हे सांगावे लागत नाही. त्याने ते उपकरण घराच्या माळ्यावर बनवले. त्याला खोली नको होती. एखाद्या फाउंड्रीने महिनाभर आपला मिक्सर वापरू द्यावा, प्रयोगात एखादी हीट (वितळलेल्या धातूची एक खेप) वाया गेली तर तो तोटा कोणीतरी सोसावा आणि उपकरण चालले तर कोणीतरी पहिली दहा विकत घ्यावीत, एवढेच त्याला हवे होते. यांपैकी एकही गोष्ट त्याला कोणत्याच योजनेत सापडली नाही आणि आज तो बंगळूरमध्ये नोकरी करतो.

म्हणून माझा प्रश्न असा: सार्वजनिक पैसा इमारतीत घालावा, भांडवलात घालावा की खरेदीत? खासगी बाजूने पैशाखेरीज काय आणायला हवे? आणि फसलेल्या प्रयोगाचा तोटा कोणी सोसावा? जाणकारांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिले तर टिपणाला बळ येईल.


मुळामुठा

सर, मी पुण्यात विज्ञानाधारित कंपन्यांच्या इन्क्युबेटरमध्ये नऊ वर्षे काम केले आहे, त्यामुळे मी फक्त त्या बाजूने लिहितो. भांडवलाबद्दल दुसरे कोणी अधिक चांगले सांगेल.

आपण पाहिलेली केंद्रे ओस का पडली, याचे उत्तर बहुतेक वेळा खर्चाच्या वर्गवारीत सापडते. योजनेतून यंत्र घ्यायला पैसे मिळतात, परंतु ते यंत्र चालवणाऱ्या माणसाचा पगार, वार्षिक देखभालीचा करार, कॅलिब्रेशन आणि सुटे भाग यांसाठी मिळत नाहीत किंवा तीन वर्षांनंतर मिळणे बंद होते. भांडवली खर्च एकदा मंजूर झाला की प्रश्न संपतो. आवर्ती खर्च दरवर्षी कोणाकडे तरी मागावा लागतो. मी पाहिलेल्या एका केंद्रात अत्यंत महागडे विश्लेषण यंत्र ११ महिने बंद होते, कारण त्याचा एक भाग बदलायला लागणारी रक्कम यंत्राच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असली तरी ती कोणत्या शीर्षाखाली टाकायची हेच ठरत नव्हते. त्या ११ महिन्यांत तिथल्या दोन कंपन्यांनी नमुने हैदराबादला पाठवून काम चालवले आणि तिसरी बंद पडली.

याउलट चांगले चाललेले उदाहरण पुण्यातच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू झाले. त्याची ताकद इमारतीत नसून शेजारी असलेल्या प्रयोगशाळेत, तिथल्या शास्त्रज्ञांत आणि यंत्रे तासाच्या हिशेबाने वापरू देण्याच्या पद्धतीत आहे. ज्या उद्योजकाला महिन्यातून चार तास एखादे यंत्र लागते, त्याने ते विकत घेणे शक्य नसते आणि सरकारनेही त्याच्यासाठी ते वेगळे घेऊ नये. आधीच असलेल्या यंत्राचे दार त्याला उघडून द्यावे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये स्थापन केलेली बायरॅक ही संस्था अशा केंद्रांच्या मदतीने 'बिग' अनुदान देते: एका कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. ही रक्कम कंपनीत हिस्सा न मागता दिली जाते, आणि ते योग्यच आहे, कारण या टप्प्यावर कंपनीची किंमत ठरवणे कोणालाच शक्य नसते. एखादे प्रथिन पेशीत टिकते की नाही हे कळण्यापूर्वी खासगी गुंतवणूकदार येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षा धरणेही चुकीचे आहे.

काळाचा मुद्दाही टिपणात जरूर घ्या. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी आयआयटी मुंबईच्या 'साइन' या केंद्रात वाढली. साइन २००४ चे, कंपनी २००७ ची. लष्कराचे सुमारे दोन कोटी डॉलरचे कंत्राट तिला २०२१ मध्ये मिळाले आणि शेअर बाजारात ती २०२३ मध्ये आली. स्थापनेपासून मोठ्या ऑर्डरपर्यंत १४ वर्षे गेली. आपल्या बहुतेक योजनांचा कालावधी तीन ते पाच वर्षे असतो आणि केंद्राचे यश 'किती कंपन्या बाहेर पडल्या' यावर मोजले जाते. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांना हे माप लावले की केंद्र चालवणारी माणसे साहजिकच मोबाइल ॲपकडे वळतात, कारण ॲप दोन वर्षांत दाखवता येते. वाळूतला ओलावा मोजणारे उपकरण दोन वर्षांत दाखवता येत नाही.

आपल्या ठिकाणासाठी माझी सूचना अशी की नवीन इमारत बांधूच नये. संघटनेच्या सभासदांकडे स्पेक्ट्रो (धातूचे घटक मोजणारे यंत्र), वाळूची चाचणी, एक्स-रे यांतले काय काय आहे याची यादी करा आणि त्या यंत्रांचे तास केंद्राने आगाऊ विकत घ्यावेत. हेच खासगी बाजूचे खरे योगदान होईल. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टानुसार केंद्र किंवा राज्य सरकारचा निधी मिळालेल्या विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातील इन्क्युबेटरना कंपन्यांनी दिलेला निधी त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात धरला जातो. तो पैसा फर्निचरऐवजी दोन चांगल्या तंत्रज्ञांच्या पगारासाठी मागा. मिळायला कठीण आहे, परंतु मागण्यासारखा तोच आहे.


नवगावचा किनारा

मंडळी, नमस्कार. आमचे आजोबा १९६० च्या दशकात अलिबागजवळच्या गावातून इस्रायलला आले आणि माझी सारी नोकरी येथे बीरशेबा आणि तेल अवीव या दोन शहरांत वित्तक्षेत्रात झाली. स्टार्टअपचा विषय निघाला की भारतात इस्रायलचे उदाहरण हमखास दिले जाते, परंतु त्यातला अर्धाच भाग सांगितला जातो. तोटा कोणी सोसावा हा जो प्रश्न सरांनी विचारला आहे, त्यावर येथे दोन वेगवेगळे प्रयोग झाले. पहिला फसला आणि दुसरा यशस्वी झाला, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

१९९२ मध्ये सरकारने 'इनबाल' नावाची योजना आणली. तेल अवीवच्या शेअर बाजारात नोंदलेल्या साहस-भांडवल (व्हेंचर कॅपिटल) निधींना सरकारने त्यांच्या मूल्याच्या ७० टक्क्यांपर्यंत हमी दिली. म्हणजे गुंतवणूक बुडाली तर सरकार भरून देणार. परिणाम असा झाला की निधी चालवणाऱ्यांना चांगली कंपनी शोधण्याची, तिच्यासाठी परदेशात ग्राहक मिळवून देण्याची निकड उरली नाही. जे निधी उभे राहिले त्यांची कामगिरी सुमार राहिली.

१९९३ मध्ये 'योझ्मा' आली. सरकारने १० कोटी डॉलर बाजूला काढले आणि त्यातून दहा खासगी निधींना आधार दिला. प्रत्येक निधीत सरकारचा वाटा सुमारे ४० टक्के, म्हणजे ८० लाख डॉलरच्या आसपास. उरलेला पैसा खासगी भागीदारांनी आणायचा आणि त्यांत एक अनुभवी परदेशी संस्था असलीच पाहिजे, ही अट. यावेळी तोट्याची हमी नव्हती. त्याऐवजी भागीदारांना असा हक्क दिला की पाच वर्षांच्या आत त्यांना सरकारचा वाटा मूळ किमतीत आणि व्याज धरून विकत घेता येईल. निधी यशस्वी झाला तर पुढचा सारा नफा त्यांचा. बहुतेकांनी हा हक्क वापरला आणि दशक संपण्याआधीच सरकार या व्यवहारातून बाहेर पडले. पहिल्या योजनेने अपयश स्वस्त केले होते. दुसरीने यशाचे बक्षीस वाढवले आणि परदेशी भागीदाराच्या अटीमुळे निधी चालवण्याची विद्याही देशात आणली.

भारताचा फंड ऑफ फंड्स योझ्माच्याच वाटेवर आहे, कारण कंपन्या निवडण्याचे काम सरकारी अधिकाऱ्याकडे नाही आणि ज्या निधीला सरकारी पैसा मिळतो त्याने त्याच्या किमान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये घातली पाहिजे, अशी अट आहे. परंतु सरकारचा वाटा स्वस्तात विकत घेण्याचा हक्क त्यात नाही. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

आता राहिलेला अर्धा भाग. योझ्मा ओसाड जमिनीवर उभी राहिली नव्हती. उद्योगांच्या संशोधनाला मुख्य शास्त्रज्ञांच्या कार्यालयाकडून अनुदान देण्याचा कायदा १९८४ चा आहे; उत्पादन विकले गेले तर त्यातून स्वामित्वधन (रॉयल्टी) सरकारला परत करायचे आणि फसले तर काही द्यायचे नाही, अशी त्याची रचना होती. १९८७ मध्ये 'लावी' लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द झाला आणि कितीतरी कुशल अभियंते मोकळे झाले. त्यानंतर सोव्हिएत संघातून आलेल्या लाखो स्थलांतरितांत अभियंते आणि शास्त्रज्ञ फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी १९९१ मध्ये सरकारी इन्क्युबेटर सुरू झाले. एवढी तयारी असताना भांडवल आले, म्हणून ते लागू पडले. त्या तयारीवाचून नुसती योझ्मा कोल्हापुरात आणली तर निधी मुंबईत बसेल आणि पैसा बंगळूरला जाईल.

आणखी एक सावधगिरी. येथील देशांतर्गत बाजार लहान असल्यामुळे कंपन्या पहिल्या दिवसापासून अमेरिकेकडे पाहतात आणि पुष्कळशा तिथल्या मोठ्या कंपन्यांना विकल्या जातात. भारताला तसे करण्याची गरज नाही. सरांच्या विद्यार्थ्याचा ग्राहक पाच किलोमीटरवर होता.


मोजपट्टी

सर, तुमच्या विद्यार्थ्याची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही, कारण ती माझीही आहे. फरक एवढाच की मी अजून टिकून आहे. आमची सात जणांची कंपनी पाण्याच्या जलवाहिन्यांतला दाब मोजून गळती शोधणारी यंत्रणा बनवते. आमचा ग्राहक नगरपालिका किंवा महानगरपालिका हाच असू शकतो; घरोघरी विकण्याची ही वस्तू नाही. म्हणून तुमच्या तीन पर्यायांतला माझा पर्याय नि:संशय खरेदी हा आहे आणि वर मुळामुठा यांनी यंत्रांना दिलेले पहिले स्थान मला मान्य नाही. यंत्रे नसली तर माणूस धडपड करून वाट काढतो. ग्राहक नसला तर वाटच नसते.

इतिहास काढून पाहा. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशी तिची मर्यादा ठरली होती. तिने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे, धूळ आणि उष्णता सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले; पहिले कर्नाटकातल्या कित्तूरला १९८६ मध्ये बसले. रचना सरकारी संस्थेची होती, उत्पादनाचे परवाने खासगी आणि सार्वजनिक कारखान्यांना दिले गेले आणि विकत घेणारा होता दूरसंचार विभाग. या तिसऱ्या कडीमुळेच इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग बनवणारे कितीतरी लहान कारखाने उभे राहिले. स्टार्टअप हा शब्दही तेव्हा आपल्याकडे कोणी वापरत नव्हते.

अलीकडचे उदाहरण अंतराळ क्षेत्राचे आहे. जून २०२० मध्ये इन-स्पेस या संस्थेची घोषणा झाली आणि इस्रोच्या चाचणी सुविधा खासगी कंपन्यांना रीतसर खुल्या झाल्या. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे 'विक्रम-एस' हे रॉकेट उडाले. आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या अग्निकुल कंपनीने श्रीहरिकोट्याच्या आवारात स्वतःचा प्रक्षेपणतळ उभारला आणि ३० मे २०२४ रोजी थ्रीडी प्रिंटरने एकसंध छापलेल्या इंजिनावर आपले यान उडवून दाखवले. प्रक्षेपणाची सुरक्षितता, मागोवा घेणारी यंत्रणा आणि समुद्रकिनाऱ्याची जागा या गोष्टी कोणतीही खासगी कंपनी स्वतः उभी करू शकली नसती. संरक्षण क्षेत्रातही २०१८ पासून 'आयडेक्स' आहे. लष्कर आपली अडचण जाहीर करते, निवडलेल्या कंपनीला मूळ योजनेत दीड कोटीपर्यंत अनुदान मिळते आणि तेवढीच भर कंपनीला घालावी लागते. अडचण ग्राहकाने मांडायची, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आता स्वतःचा अनुभव. एका नगरपालिकेत आम्ही चाचणी प्रकल्प केला. चार प्रभागांत दाबमापक बसवले, गळतीची सहा ठिकाणे सापडली, खोदून पाहिल्यावर पाच खरी निघाली. मुख्याधिकारी समाधानी होते, अभियंत्यांनी लेखी शेरा दिला. बिल निघायला १४ महिने लागले. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो आणि तक्रारीसाठी समाधान नावाचे संकेतस्थळही आहे. मी तक्रार केली नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच माझा एकमेव ग्राहक होता, आणि शेजारच्या पालिकेने विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, याची मला भीती वाटली. त्या १४ महिन्यांत आम्ही दोन चांगले अभियंते गमावले.

त्यानंतर त्याच पालिकेने संपूर्ण शहरासाठी निविदा काढली. तिच्यात तीन वर्षांत तशाच स्वरूपाची कामे केल्याचा दाखला आणि दोन कोटींची वार्षिक उलाढाल या अटी होत्या. ज्या कामातून ती कल्पना निघाली ते काम करणारी कंपनी निविदेत बसतच नव्हती. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या कंपन्यांना शासकीय विभागांत चाचणीसाठी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले, ही मला फार चांगली कल्पना वाटते, कारण त्यात बक्षिसाऐवजी काम मिळते. परंतु १५ लाखांची चाचणी आणि कोट्यवधींची निविदा यांच्यामध्ये कोणतीच पायरी नाही आणि आमच्यासारख्या कंपन्या नेमक्या तिथे संपतात.


जावक क्रमांक

मी शासकीय लेखा सेवेतून निवृत्त झालो आहे. वरचा अनुभव खरा आहे, आणि मी सेवेत असताना अशी बिले माझ्याही टेबलावर अडली आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही बिल का अडते हे आतून सांगितले तर टिपणात नेमके काय लिहायचे ते ठरवता येईल.

सही करणाऱ्या अधिकाऱ्याला चांगल्या निर्णयाचे श्रेय क्वचितच मिळते, परंतु लेखापरीक्षणात आक्षेपाचा एक परिच्छेद निघाला तर तो निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपसाठी पूर्वानुभव आणि उलाढालीची अट शिथिल करण्याची तरतूद नियम १७३ मध्ये आहे आणि बयाणा रकमेची सूट नियम १७० मध्ये आहे. परंतु १७३ मधला शब्द 'शिथिल करता येईल' असा आहे, 'करावी' असा नाही. या एका क्रियापदामुळे सारी जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. शिथिल केली आणि काम फसले, तर प्रश्न त्याला विचारला जाणार. शिथिल केली नाही, तर कोणीही काही विचारणार नाही. राज्यात खरेदी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील कार्यपद्धतीने चालते आणि तिथेही खालच्या अधिकाऱ्याची मनःस्थिती हीच असते.

म्हणून तुमच्या टिपणात तीन गोष्टी आधीच बांधून घ्या. चाचणी यशस्वी झाली असे कधी म्हणायचे, याचे आकडे चाचणी सुरू होण्यापूर्वी लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. वरच्या उदाहरणात सहापैकी पाच गळत्या खऱ्या निघाल्या, परंतु पाच म्हणजे यश की अपयश हे कागदावर कुठेच नव्हते, म्हणून लेखा शाखेने बिलावर शेरा मारला असणार. दुसरे, चाचणीची रक्कम पालिकेच्या चालू अंदाजपत्रकातून न देता आधीच वेगळ्या खात्यात, शक्यतो तुमच्या केंद्राकडे ठेवावी आणि अभियंत्याचा दाखला आला की केंद्राने ती परस्पर द्यावी. पालिकेचा पैसा मार्चअखेर संपतो किंवा पगाराकडे वळतो. तिथे वाईट हेतू असतोच असे नाही. तिसरे, चाचणी यशस्वी झाल्यास पुढच्या निविदेत त्याच कामाचा दाखला पूर्वानुभव म्हणून ग्राह्य धरला जाईल, असे करारातच लिहावे. एकाच कंपनीला काम देण्याचे वचन मात्र लिहू नका. ते टिकणार नाही आणि टिकूही नये. स्पर्धा राहिली पाहिजे, फक्त त्या कंपनीला स्पर्धेच्या दारातच अडवले जाऊ नये.

मोजपट्टी यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. सरकार हाच एकमेव ग्राहक असलेली कंपनी नेहमी धोक्यात राहते, बिल वेळेवर निघाले तरीही. मंत्री बदलतो, आयुक्तांची बदली होते, प्राधान्य बदलते. केंद्राने निवडलेल्या प्रत्येक कंपनीकडे दोन वर्षांत एक तरी खासगी ग्राहक असावा, ही अट मी घातली असती.


मोजपट्टी

साहेब, शेवटची अट मला मान्य आहे. आता आम्ही दोन औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना यंत्रणा विकतो आणि ते पैसे तीस दिवसांत देतात. यशाचे आकडे आधी लिहून घेण्याची सूचना पाच वर्षांपूर्वी कोणी केली असती तर फार बरे झाले असते.


पंचगंगाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस हे सारे पुन्हा पुन्हा वाचले आणि इमारतीची चार पाने काढून टाकली. महाविद्यालयाची जुनी कार्यशाळा रिकामीच आहे, तीच वापरू.

नव्या मसुद्यात मी असे लिहिले आहे. शासनाच्या अनुदानातील मोठा वाटा दोन ठिकाणी जाईल: दोन तंत्रज्ञ आणि एक व्यवस्थापक यांचे पाच वर्षांचे पगार आणि चाचण्यांसाठीचे वेगळे खाते. उद्योजकांच्या संघटनेकडून आम्ही रोख रकमेऐवजी तीन गोष्टी मागणार आहोत. पहिली, सभासदांकडील चाचणी यंत्रांचे महिन्याला ठरावीक तास. दुसरी, दरवर्षी सभासदांनी स्वतः लिहून दिलेल्या दहा अडचणी, ज्यांतली प्रत्येक अडचण सुटल्यास ते किती उपकरणे कोणत्या किमतीपर्यंत घेतील हेही लिहिलेले असेल. तिसरी गोष्ट तोट्याबद्दलची आहे. प्रयोगात वाया गेलेल्या हीटचा अर्धा खर्च चाचणी खात्यातून आणि अर्धा त्या फाउंड्रीकडून. नवगावचा किनारा यांनी सांगितलेला इनबालचा अनुभव वाचल्यामुळे पूर्ण भरपाई देण्याचा आधीचा विचार मी सोडून दिला. फाउंड्रीचा स्वतःचा पैसा अडकलेला असेल, तरच तिचा सुपरवायझर प्रयोगाच्या वेळी तिथे उभा राहील. त्या बदल्यात उपकरण यशस्वी झाल्यास त्या फाउंड्रीला पहिली दोन वर्षे ते सवलतीच्या दरात मिळेल.

काल संघटनेच्या सचिवांना मसुदा दाखवला. दहा अडचणींची कल्पना त्यांना आवडली आणि जागच्या जागी त्यांनी चार सांगितल्या. त्यांतली पहिली वाळूतल्या ओलाव्याचीच होती. यंत्रांच्या तासांबद्दल मात्र ते साशंक आहेत. बाहेरचा मुलगा येऊन स्पेक्ट्रोवर आमच्या ग्राहकाच्या मालाची माहिती पाहील, ही सभासदांची भीती आहे. मुळामुठा, आपल्याकडे यावर काय उपाय होता?


मुळामुठा

सर, बाहेरच्या माणसाला यंत्राला हात लावू देत नसत. नमुना बंद पाकिटात, क्रमांक घालून द्यायचा. यंत्र त्यांचाच ऑपरेटर चालवणार आणि निकाल त्या क्रमांकावर ईमेलने येणार. वेळ शक्यतो दुसऱ्या पाळीच्या शेवटी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्यावी, म्हणजे त्यांच्या उत्पादनात व्यत्यय येत नाही. ऑपरेटरला त्या तासांचा जादा भत्ता केंद्राने थेट द्यावा. हा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा, कारण नंतर त्यासाठी शीर्ष सापडत नाही. आमच्या जुन्या कराराचा नमुना, नावे काढून, मी उद्या आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.